क्लोरीनचे अष्टक तर आधीच पूर्ण असते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचा हंगाम जवळ आला की गाइडे, सराव प्रश्नसंच आणि शिकवण्यांच्या टिपणवह्या यांत एक वाक्य हमखास सापडते : 'अष्टक पूर्ण करून स्थिर होण्यासाठी अणू रासायनिक बंध तयार करतात.' (अष्टक म्हणजे अणूच्या बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन.) दोन गुणांचे उत्तर. मुले ते पाठ करतात आणि गुण मिळवतात. वाक्य अगदीच खोटे आहे असे नाही. पण ते कारण म्हणून शिकवले जाते, आणि घोळ तिथून सुरू होतो. आपल्या वाचकांत शिक्षक, पालक आणि प्रश्नपत्रिका काढणारे असे सगळेच आहेत, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत.

मिठाचे नेहमीचे उदाहरण घ्या. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात. सोडियम एक देतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचे आठ-आठ होतात, मीठ तयार. फळ्यावर हे सुबक दिसते. पण वायुपात्रात क्लोरीनचा सुटा अणू असतो कुठे? तिथे असतो क्लोरीनचा रेणू : दोन अणू, मध्ये इलेक्ट्रॉनांची एक सामाईक जोडी, आणि दोघांचीही अष्टके आधीच पूर्ण. अष्टक पूर्ण झाले की अणू स्थिर हे खरे असेल, तर या वायूने सोडियमच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही. प्रत्यक्षात तापवलेला सोडियम क्लोरीनमध्ये झगझगीत पिवळ्या ज्योतीने जळतो. (हा प्रयोग वर्गात करू नये, चित्रफितीवर दाखवावा.)

फ्लोरीनचेही तेच. रेणूतल्या दोन्ही अणूंची अष्टके पूर्ण, तरी सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक क्रियाशील म्हणून त्याचीच ख्याती. याउलट सल्फर हेक्झाफ्लोराइड. बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी बिंदू-आकृती काढली तर त्यातल्या गंधकाभोवती आठ नव्हे, बारा इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. म्हणजे नियमानुसार हा रेणू बिघडलेलाच. पण तो इतका निष्क्रिय आहे की वीज उपकेंद्रांतल्या उच्च विद्युतदाबाच्या स्विचगिअरमध्ये विद्युतरोधक म्हणून वर्षानुवर्षे भरून ठेवतात. ओझोनमध्ये तिन्ही ऑक्सिजनांची अष्टके पूर्ण दाखवता येतात, तरी तो साध्या ऑक्सिजनपेक्षा मोलमागे (मोल म्हणजे कणांचा एक ठरावीक मोठा गठ्ठा) १४३ किलोज्यूल वरच्या ऊर्जेला असतो आणि संधी मिळताच मोडतो. हिरा आणि ग्रॅफाइट या दोन्हींत प्रत्येक कार्बनचे अष्टक पूर्ण. दोघांपैकी ग्रॅफाइट किंचित अधिक स्थिर आहे, हे आठ मोजून कुणालाही सांगता येणार नाही.

मग बंध होतो कशामुळे? अणू वेगवेगळे असताना सगळ्यांची मिळून जी ऊर्जा असते, तिच्यापेक्षा ते एकत्र आल्यावरची ऊर्जा कमी असेल तर बंध होतो. तेवढेच कारण. हा जमाखर्च आहे, आणि तो आकड्यांनी मांडता येतो. मिठाचाच मांडू. पुढचे सगळे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये आहेत. एक मोल मीठ म्हणजे ५८.५ ग्रॅम.

आधी खर्च. सोडियमच्या धातूतून अणू सुटे करायला १०८. त्या सुट्या अणूंचा बाहेरचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६. अर्धा मोल क्लोरीन वायूतले बंध तोडून एक मोल सुटे अणू मिळवायला १२१. एकूण ७२५. आता जमा. क्लोरीनच्या अणूंनी इलेक्ट्रॉन घेतल्यावर ३४९ परत मिळतात. इथे जरा थांबावे, कारण या टप्प्यावर दोन्ही अष्टके पूर्ण झालेली आहेत. सोडियम आयनाची (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने प्रभार चढलेला अणू) मांडणी निऑनसारखी, क्लोराइडची आर्गॉनसारखी. पाठ केलेल्या उत्तराप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी. आणि आपण ३७६ किलोज्यूल तोट्यात आहोत! हे आयन एकमेकांपासून लांबलांब ठेवले, तर हा व्यवहार निसर्गात आपोआप होणारच नाही.

तोटा भरून निघतो तो पुढच्या पायरीवर. धन आणि ऋण आयन एकत्र येऊन स्फटिक जालक, म्हणजे त्यांची नियमित मांडणी, बनते तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. हीच जालक ऊर्जा. ७८७ वजा ३७६, शिल्लक ४११. प्रयोगशाळेत मोजलेली मिठाची निर्मिती-ऊष्मा तेवढीच आहे. एवढ्या ऊर्जेत सव्वा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेता येईल, म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ होताना किती ऊर्जा सुटते याचा अंदाज येतो.

७८७ हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. स्फटिकात शेजारच्या सोडियम आणि क्लोराइड आयनांच्या केंद्रांमधले अंतर ०.२८२ नॅनोमीटर असते. एवढ्या अंतरावर एकाच जोडीचे आकर्षण धरले तर मोलमागे सुमारे ४९३ किलोज्यूल येतात. पण स्फटिकात जोड्या नसतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, त्यांच्यामागे बारा सोडियम, त्यांच्यामागे पुन्हा क्लोराइड अशी रांग लागते. आकर्षण आणि प्रतिकर्षण यांची सगळी बेरीज-वजाबाकी केली की एका जोडीचा आकडा १.७४८ पट होतो. म्हणजे ८६१. इलेक्ट्रॉनांची कवचे एकमेकांत घुसू लागल्यावर जे प्रतिकर्षण होते, त्यात यातला दहाव्या हिश्शाहून थोडा कमी भाग जातो. हे समजले की मिठाचा 'रेणू' नसतो, हेही वेगळे पाठ करावे लागत नाही.

आणखी एक हिशेब अकरावीच्या मुलांना सहज करता येतो. सोडियमचा सुटा अणू आणि क्लोरीनचा सुटा अणू घेतले तर द्यायचे ४९६, मिळायचे ३४९, तूट १४७. ही तूट विद्युत आकर्षणातून भरून निघायला दोन आयन किती जवळ यावे लागतील? विद्युत प्रभारांमधल्या बलाच्या, म्हणजे कूलोमच्या, नियमाने उत्तर येते सुमारे ०.९४ नॅनोमीटर. त्याहून लांब असताना इलेक्ट्रॉन सोडियमकडे राहणेच फायद्याचे. 'सोडियमला आपला इलेक्ट्रॉन नकोसा असतो' हे वाक्य किती फसवे आहे ते यावरून दिसते. सोडियम इलेक्ट्रॉन स्वखुशीने देत नाही. तो काढून घ्यावा लागतो आणि त्याची किंमत मोजावी लागते.

सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? 'अष्टक मोडेल म्हणून' असे उत्तर दिले जाते. ते वर्तुळात फिरते : अष्टक स्थिर का, तर मोडत नाही म्हणून, मोडत नाही का, तर स्थिर आहे म्हणून. खरे उत्तर हिशेबातच आहे. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ लागतात, पहिल्याच्या नऊपटींहून जास्त. पहिला इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, केंद्रकापासून दूर, आणि आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला असतो. केंद्रकातले प्रोटॉन अकरा असले तरी त्याला जाणवणारा प्रभार त्यातला थोडाच असतो. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातून काढायचा. तिथे आडोसा तुटपुंजा आणि केंद्रक जवळ. समजा, एका सोडियममागे दोन क्लोराइड असलेले संयुग बनवायचेच ठरवले, आणि त्याची जालक ऊर्जा मॅग्नेशियम क्लोराइडइतकी म्हणजे अडीच हजारांच्या घरात धरली, तरी व्यवहार सुमारे २२०० किलोज्यूल तोट्यात जातो. ते बनत नाही ते या तोट्यापायी.

मॅग्नेशियमचे गणित मात्र जुळते. धातूतून अणू सुटे करायला १४८, दोन इलेक्ट्रॉन काढायला ७३८ अधिक १४५१, क्लोरीनचे बंध तोडायला २४२. क्लोरीनकडून परत ६९८ आणि जालकातून सुमारे २५२२. शिल्लक ६४१. तिसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर ७७३३ लागतात, तो विचारच सोडून द्यावा. म्हणजे आठ हा आकडा येतो तो कवच संपल्यावर पुढच्या इलेक्ट्रॉनाची किंमत एकदम चढते म्हणून. बाहेरच्या कवचात एक एस आणि तीन पी कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, असतात, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन. चार दुणे आठ. आठ ही हिशेबाची अखेर आहे, सुरुवात नव्हे.

ऑक्सिजनचे उदाहरण तर आम्हाला सगळ्यात बोलके वाटते. ऑक्सिजनच्या अणूला पहिला इलेक्ट्रॉन दिला की १४१ मिळतात. अष्टक पूर्ण व्हायला अजून एक हवा. तो द्यायला मात्र ऊर्जा मिळत नाही, उलट सातशेहून अधिक किलोज्यूल घालावे लागतात, कारण आता ऋण आयनावर ऋण इलेक्ट्रॉन लादायचा असतो. एकटा ऑक्साइड आयन, अष्टक पूर्ण असूनही, वायुरूपात टिकत नाही. जास्तीचा इलेक्ट्रॉन फेकून देतो. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये तो टिकतो, कारण तिथे जालक ऊर्जा सुमारे ३८०० आहे आणि ती सगळे देणे फेडते.

सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन सामाईक वापरून होणाऱ्या, बंधाबद्दल थोडक्यात. १९२७ साली वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी पुंजयामिकी (अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांचे भौतिकशास्त्र) वापरून हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले, आणि दोन उदासीन अणू एकमेकांना का धरून ठेवतात याचे पहिले ठोस उत्तर मिळाले. दोन अणू जवळ येतात तेव्हा इलेक्ट्रॉनांना एकाऐवजी दोन केंद्रके मिळतात, वावरायला जागा वाढते, आणि एकूण ऊर्जा उतरते. केंद्रकांमधले अंतर ०.०७४ नॅनोमीटर झाले की ती तळाला पोहोचते : सुट्या अणूंपेक्षा ४३६ किलोज्यूल खाली. आणखी जवळ आणले तर केंद्रकांचे प्रतिकर्षण वरचढ होते आणि ऊर्जा झपाट्याने चढते. हेलियमच्या दोन अणूंत हे जमत नाही, कारण चार इलेक्ट्रॉनांपैकी दोनच खालच्या पातळीत मावतात. उरलेल्या दोघांना वरच्या पातळीत जावे लागते आणि कमावलेले सगळे जाते. ऊर्जा-अंतराचा हा आलेख आठवीच्या फळ्यावरही काढता येतो. त्याला सूत्र लागत नाही.

वाटणी विषम असली तर फायदा वाढतो, हे लायनस पॉलिंग यांनी आकड्यांतूनच हेरले. हायड्रोजनचा बंध ४३६, फ्लोरीनचा १५८, सरासरी २९७. हायड्रोजन फ्लोराइडचा बंध प्रत्यक्षात ५६७ च्या आसपास. जास्तीचे २७० कुठून आले, या प्रश्नातून विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या ताकदीची, मोजपट्टी तयार झाली.

आता सगळ्यात हट्टी गैरसमजाकडे वळू : 'बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.' रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत तो असतो, जीवशास्त्रातल्या तर जास्तच. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते. नेहमी. याला अपवाद असता तर तो बंध मुळात टिकलाच नसता. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना.

मुंबई-पुण्यात पाइपने घरात येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक मोल, म्हणजे १६ ग्रॅम मिथेन जाळायला कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायचे, प्रत्येकी ४१६ : झाले १६६४. ऑक्सिजनचे दोन रेणू फोडायचे, प्रत्येकी ४९८ : ९९६. खर्च २६६०. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध जुळतात, प्रत्येकी ८०४ : १६०८. पाण्याच्या दोन रेणूंत मिळून ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४६३ : १८५२. जमा ३४६०. शिल्लक ८००, पाणी वाफेच्या रूपात धरून प्रयोगाने मिळणारा आकडा ८०२. सरासरी बंध-ऊर्जा वापरूनही हिशेब इतका जवळ येतो. आणि खर्च आधी करावा लागतो म्हणूनच शेगडीला लायटर लागतो, नुसता कॉक उघडून भागत नाही.

नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५ चा. अमोनिया बनवताना तो एक आणि हायड्रोजनचे तीन बंध तोडायचे, एकूण २२५३; नायट्रोजन-हायड्रोजनचे सहा बंध ३९१ प्रमाणे २३४६. नफा जेमतेम ९३. नफा आहे, तरी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एका भांड्यात घालून ठेवले तर काही होत नाही, कारण सुरुवातीचा डोंगर चढता येत नाही. म्हणून अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांत अमोनिया बनवायला लोहाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो. उलट स्फोटकांत नायट्रोजनची संयुगे असतात ती हाच तिहेरी बंध जुळताना मिळणाऱ्या भरघोस ऊर्जेसाठी.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. एटीपी या पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला 'उच्च ऊर्जेचा बंध' तुटून पेशीला ऊर्जा मिळते, असे सांगितले जाते. फॉस्फेटचा तो बंध तोडायलाही ऊर्जा लागते. प्रमाणित स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मिळतात ते पाण्याबरोबर नवे बंध जुळतात, शेजारशेजारचे ऋण प्रभार सुटे होतात आणि तयार झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात म्हणून. एवढे एक वाक्य जोडले तरी बारावीला गोंधळ होणार नाही.

अष्टकाच्या अपवादांची यादी मुले पाठ करतात : बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये सहा, फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये दहा, वगैरे. यादीपेक्षा एखादे उदाहरण मुळापासून समजले तर बरे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचुदातल्या तांब्याच्या आयनावर दोन धन प्रभार असतात आणि बाहेरच्या कवचात सतरा इलेक्ट्रॉन. ना आठ, ना अठरा. एकाच धन प्रभाराच्या तांबे-आयनात ते कवच अठरांनी पूर्ण भरलेले असते. पूर्ण कवच म्हणजे स्थिर, तर पाण्यात हाच टिकायला हवा. होते उलट : पाण्यात तो मोडून अर्धे तांबे धातू होते आणि अर्धे दोन प्रभारांचे आयन. दुसरा इलेक्ट्रॉन काढायला १९५८ लागतात खरे, पण दोन प्रभारांच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू बिलगताना सुमारे २१०० मिळतात, एक प्रभाराच्या आयनाला जेमतेम ५९०. बाकीच्या रकमा धरून पारडे थोडेसेच झुकते, पण झुकते. लोह, मँगेनीज, क्रोमियम सगळ्यांची कथा अशीच, आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधले लोहही अष्टक पाळत नाही.

ऑक्सिजनची बिंदू-आकृती आणखी एक गोष्ट लपवते. तिच्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात. द्रवरूप ऑक्सिजन मात्र जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो, कारण त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. आणि झेनॉनसारख्या, सहसा कशाशी संयोग न पावणाऱ्या राजवायूंचे म्हणाल, तर १९६२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे नील बार्टलेट यांनी हिशेबच केला. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन खेचू शकते, त्याला सुमारे ११६५ किलोज्यूल लागतात. झेनॉनला ११७० लागतात. मग झेनॉनमधूनही खेचेल. खेचला. पूर्ण अष्टकाच्या वायूचे संयुग समोर आले. अष्टकावरच विसंबणाऱ्याला हा प्रयोग सुचलाच नसता.

नियमाच्या जन्मदात्यांवर आमचा राग नाही. १९१६ साली गिल्बर्ट लुइस आणि वाल्थर कोसेल यांनी तो मांडला तेव्हा पुंजयामिकी जन्मायची होती, आणि इलेक्ट्रॉन मोजून संयुगांची सूत्रे सांगता येतात ही फार मोठी सोय होती. आजही आहे. स्वतः लुइस आठपेक्षा दोनाला, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीला, अधिक मूलभूत मानत. कार्बन किती बंध करतो, पाण्यात हायड्रोजन किती, हे सांगायला अष्टक उत्तम आहे. ते 'किती' सांगते, 'का' सांगत नाही.

वर्गात हे दाखवायला महागडी साधने लागत नाहीत. कागदाचे दोन पेले एकात एक घालावेत (थर्माकोलच्या पेल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, स्टीलचा पेला उष्णता लगेच बाहेर घालवतो). आत १०० मिलिलिटर साधे पाणी, तापमान नोंदवावे. त्यात कुटून बारीक केलेला २० ग्रॅम नवसागर (अमोनियम क्लोराइड) एकदम टाकून काचकांडीने ढवळावे; तापमापीने ढवळू नये, फुगा फुटतो. पारा दहाएक अंश खाली येतो. दुसऱ्या पेल्यात तेवढ्याच पाण्यात निर्जल कॅल्शियम क्लोराइड, १० ग्रॅम, थोडे थोडे घालावे. पारा पंधराएक अंश वर जातो. तिसऱ्यात २० ग्रॅम मीठ : एखाद-दोन अंशांची घट. तिन्हींत स्फटिकातले बंध तुटले, तिन्हींत आयनांभोवती पाणी जुळले. फरक पडला तो तोडण्याचा खर्च आणि जुळण्याची जमा यांतल्या वजाबाकीत. मिठात ७८७ विरुद्ध सुमारे ७८३, म्हणून पारा जागचा फारसा हलत नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. नवसागराचे खडे तसेच टाकले तर ते सावकाश विरघळतात आणि तोवर बाहेरची उष्णता आत येते. घट चार-पाच अंशांवरच थांबते. आणि कॅल्शियम क्लोराइडच्या बरणीचे झाकण सैल राहिले असेल तर ते हवेतले पाणी शोषून ओले झालेले असते. तसे पूर्ण जलयुक्त स्फटिक पाण्यात टाकले तर पेला तापण्याऐवजी गार पडतो! शिक्षक गोंधळतात, पण यातच खरा धडा आहे : पाण्याशी जुळायचे बंध बरणीतच जुळून गेले, ती ऊर्जा हवेत गेली, आता द्यायला काही उरले नाही. एक सावधगिरी महत्त्वाची. नवसागराच्या पेल्यात चुना किंवा चुन्याची निवळी जाऊ देऊ नये. अमोनिया सुटतो आणि वर्ग रिकामा करावा लागतो.

हुशार मुले इथे विचारतील की नवसागर विरघळताना ऊर्जा वाढते, तर तो विरघळतोच का? प्रश्न रास्त आहे. ऊर्जा कमी होणे हा मोठा भाग, पण सगळा नव्हे. आयन मोकळे होऊन पसरण्यालाही वजन असते आणि त्याचे नाव एन्ट्रॉपी. आठवीत एवढे सांगून पुढे जावे. बाराव्या इयत्तेत ते सविस्तर येतेच.

मागण्या मोठ्या नाहीत. आठवीसाठी वाक्य असे असावे : 'एकत्र आल्याने अणूंची एकूण ऊर्जा कमी होत असेल तर बंध तयार होतो, मुख्य गटांतल्या बऱ्याच मूलद्रव्यांत अशा वेळी बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन मोजता येतात.' हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन, फ्लोरीन यांचे आणि कार्बन-हायड्रोजन, कार्बन-ऑक्सिजन, ऑक्सिजन-हायड्रोजन, नायट्रोजन-हायड्रोजन यांचे बंध-ऊर्जेचे आकडे असलेला एक तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा. वर दिलेले निम्मे हिशेब तेवढ्यावर होतात. उत्तरसूचीत 'अष्टक पूर्ण होते म्हणून' या उत्तराला अर्धे गुण आणि ऊर्जेचा उल्लेख असलेल्याला पूर्ण गुण असे स्पष्ट लिहावे. उत्तरसूची बदलली की गाइडे आपोआप बदलतात, त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आणि अकरावीच्या प्रश्नपत्रिकेत 'आयनिक बंध म्हणजे काय' याऐवजी असा एखादा प्रश्न यावा : 'क्लोरीनच्या रेणूत दोन्ही अणूंची अष्टके पूर्ण असूनही तो सोडियमशी का संयोग पावतो? दिलेले पाच आकडे वापरून सांगा.' पाच आकडे प्रश्नातच द्यावेत, ते पाठ करायला लावू नयेत.

आपले विश्वासू,
रसायनशास्त्राचे काही शिक्षक